वास्तू आणि वाणी : नगर जिल्ह्यातील काही ठिकाणे

वास्तुकलेचे मानवी जीवनातील महत्त्व सांगताना बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात. ऊन, पाऊस आणि थंडी यांपासून वास्तू माणसाचे रक्षण करते ही पहिली. ती त्या त्या काळाच्या वैभवाची आणि अभिरुचीची साक्ष देते ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यांवर समाधान मानता येणार नाही. भाषा कुठे तरी बसून बोलली जाते, ऐकली जाते, लिहिली जाते. त्या 'कुठे तरी'चा भाषेवर काय परिणाम होतो, आणि भाषा त्या जागेला उलट काय देते, हा प्रश्न वाङ्मयाच्या वर्गात क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यासाठी महाराष्ट्रात नगर जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नसेल असे आम्हांस वाटते. (२०२४ पासून या जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे. त्या नावाकडे आपण शेवटी येऊ.)

सुरुवात नेवाशापासून करावी. प्रवरेच्या काठच्या या गावी डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ नंतरच्या काही वर्षांत उत्खनन केले. ज्ञानदेवांच्या पूर्वी सुमारे अडीच हजार वर्षे तेथे शेती करणाऱ्या, तांबे आणि दगड ही दोन्ही साधने वापरणाऱ्या लोकांची वस्ती होती, हे त्यातून स्पष्ट झाले. याच जिल्ह्यातील जोर्वे गावावरून त्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' असे नाव पडले आहे. या लोकांची घरे साधी होती : कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचा गिलावा, चोपून केलेली जमीन. वास्तुकलेच्या ग्रंथात ज्याला मान मिळावा असे त्यांत काही नाही. परंतु या घरांच्या जमिनीखाली मातीचे कुंभ सापडले. दोन कुंभ आडवे ठेवून त्यांची तोंडे एकमेकांना लावलेली, आणि आत लहान मुलांच्या अस्थी. घरातले मूल गेले की त्याला घरातच ठेवीत. ज्या जमिनीवर चूल पेटे, धान्य निवडले जाई, दुसरी मुले रांगत, तिच्याच खाली ते असे.

या एका रूढीवरून घर म्हणजे काय याविषयी बरेच समजते. केवळ निवाऱ्यासाठी घर बांधणाऱ्याला अशा दफनाची गरज नसते. गेलेल्यांना आणि असलेल्यांना एकत्र ठेवणारी जागा, हा घराचा अर्थ त्या लोकांच्या मनात स्पष्ट होता. त्यांची भाषा कोणती होती हे कळण्याचा मार्ग नाही, त्यांचे एकही अक्षर उरलेले नाही. त्यांच्या शोकाचे जे काही शिल्लक आहे ते वास्तूच्या रूपाने आहे. लिपी नसलेल्या समाजाचे वाङ्मय कुठे शोधावे, या प्रश्नाचे एक उत्तर नेवाशाच्या त्या जमिनीत आहे.

त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, 'ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असे परंपरा मानते, तो खांब आज तेथे उभा आहे. त्यावर कोरलेला लेख आहे. करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. मूळ देवालय नाहीसे झाले, दिवा विझला, खांब तेवढा राहिला, आणि विसाव्या शतकात त्याच्याभोवती नवे मंदिर उभे राहिले. मूर्तीसाठी मंदिर बांधतात, येथे खांबासाठी बांधले गेले. दुर्गाबाई भागवतांनी या 'पैसा'च्या खांबावर लिहिलेल्या लेखाचेच नाव त्यांच्या 'पैस' या लेखसंग्रहाला मिळाले, आणि त्या संग्रहाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 'पैस' म्हणजे विस्तार, मोकळी जागा. घडीव दगडाच्या एका उभ्या तुकड्याला लोकांनी अवकाशाचे नाव दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. छप्पर आणि भिंती गेल्यावरही वास्तूचे जे उरते, ते त्यांनी अचूक ओळखले होते.

परंतु आमचा मुद्दा याच्या पुढचा आहे. ज्ञानदेवांचा देवालयाशी संबंध पाठ टेकण्यापुरता नव्हता. अठराव्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी संपूर्ण गीतेवर प्रासादाचे रूपक केले आहे. त्या अध्यायाला 'कळसाध्याय' म्हणतात हे सर्वांना ठाऊक असते; मात्र ते रूपक किती तपशिलाने बांधले आहे इकडे फारसे लक्ष जात नाही. व्यास हा तेथे सूत्री, म्हणजे दोरी धरून मापे घेणारा स्थपती आहे. वेदांच्या रत्नपर्वतावर उपनिषदांच्या अर्थाचा माळ त्याने खणला. खणताना जो राडारोडा निघाला, तो धर्म, अर्थ आणि काम या त्रिवर्गाचा. त्याने तो वाया घालवला नाही, त्याचाच भोवती महाभारतरूपी कोट बांधला. मध्यभागी आत्मज्ञानाची एकसंध शिळा घडवून कृष्णार्जुनसंवादाचे कोरीव काम केले. पंधरा अध्यायांत पंधरा भूमी चढल्या. सोळावा अध्याय म्हणजे शिखराची ग्रीवा, सतरावा म्हणजे कळसाखालची बैठक, अठरावा कळस, आणि त्याच्यावर व्यासाच्या नावाचा ध्वज.

यातील 'भूमी' हा शब्द पाहावा. शिखराच्या एकावर एक चढत जाणाऱ्या थरांना स्थापत्यशास्त्रात भूमी म्हणतात, आणि मध्ययुगीन महाराष्ट्रात जी शिखरशैली विशेष रूढ होती तिचे नावच 'भूमिज'. ती पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. जी प्रवरा नेवाशावरून वाहते, तिच्या उगमापाशी, रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आहे. त्याच्या शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी एकीवर एक लहान होत वर जातात. हे शिखर डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला कळसाध्यायातील चढ सांगावा लागत नाही. ज्याने ते पाहिलेले नाही, त्याला 'येथे रूपक अलंकार आहे' एवढेच लिहून घ्यावे लागते. कोट बांधायला खणतीतूनच निघालेला माल वापरावा, ही बांधकामावर उभ्या राहिलेल्या माणसाची दृष्टी आहे. मोक्षग्रंथाभोवती संसाराच्या कथेचा कोट का, या अवघड प्रश्नाचे उत्तरही कवीने त्याच दृष्टीने दिले आहे. पुढे तो म्हणतो की या प्रासादाला कोणी जपाने बाहेरून प्रदक्षिणा घालतात, कोणी श्रवणाच्या निमित्ताने त्याच्या सावलीत बसतात, कोणी एकाग्र होऊन अर्थाच्या गाभाऱ्यात शिरतात. आणि मोक्ष सर्वांना सारखाच मिळतो. गाभाऱ्यात कोणी जावे यावर कडक निर्बंध असलेल्या समाजात मराठीतून गीता सांगणाऱ्या कवीने हे लिहिले आहे. दगडी देवळात जे शक्य नव्हते, ते त्याने शब्दांच्या देवळात शक्य केले, आणि त्यासाठी नकाशा मात्र दगडी देवळाचाच घेतला.

नेवाशाहून नगर शहराकडे आले की वास्तूची भाषाही बदलते. अहमद निजामशहाने १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी हे शहर वसवले. निजामशाहीने येथे बागा, महाल, मशिदी आणि कबरी बांधल्या. त्यांपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे कापूरवाडी, वडगाव यांसारख्या आसपासच्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी आणले. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात जमिनीखालून गेलेला मातीचा नळ ही राजवाड्याहून मोठी वास्तू मानली पाहिजे. फराहबागेतील तलावामधला महाल शोभेचा खरा, पण तो तलावही आणलेल्या पाण्यावरच अवलंबून होता.

शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली इमारत दूरवरून दिसते. ती मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. लोक मात्र तिला पिढ्यान्‌पिढ्या 'चांदबीबीचा महाल' म्हणत आले. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक आहे, आणि मार्गदर्शक पुस्तके ती दुरुस्त करीत असतात. दुरुस्ती योग्यच; परंतु चुकीचा अर्थही समजून घेतला पाहिजे. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबीबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून काढला गेला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला ठार मारले आणि किल्ला पडला. शहरासाठी भिंत बांधणाऱ्या या स्त्रीला लोकांनी शहरातून दिसणारी सर्वांत उंच वास्तू देऊन टाकली. वजिराने आपल्या नावासाठी डोंगर निवडला, लोकांनी त्यावर दुसरे नाव लिहिले. वास्तू कोणाची, हे बांधणाऱ्याच्या हयातीत ठरत नाही. त्या निवाड्यात लोकभाषेलाही मत असते.

ज्या किल्ल्याचा तट चांदबीबीने राखला, तो दगडी तट तिचा पिता हुसेन निजामशहा याने १५५९ च्या सुमारास बांधायला घेतला होता. शत्रूला बाहेर ठेवणे हा त्याचा हेतू होता. १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना तेथे आणून ठेवले. ज्या भिंती बाहेरच्यांना अडवण्यासाठी होत्या, त्या आतल्यांना अडवू लागल्या. नेहरूंनी १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या काळात तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलाना आझादांनी तेथे कधीही टपालात न पडलेली पत्रे लिहिली, ती १९४६ मध्ये 'गुबारे खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. पट्टाभि सीतारामय्या यांचे 'फेदर्स अँड स्टोन्स' हेही तेथलेच.

या पुस्तकांत ती वास्तू केवळ पत्त्यापुरती येत नाही. आझादांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी करायला घेतली. वरून पडणाऱ्या काड्यांनी ते प्रथम वैतागले, त्यांच्याशी त्यांनी युद्ध पुकारले आणि अखेरीस तहही केला. त्याची कहाणी उर्दू गद्याचा नमुना मानली जाते. त्याच खोलीत १९४३ मध्ये त्यांना पत्नीच्या मृत्यूची बातमी कळली. नेहरू बाग करण्यासाठी किल्ल्याची जमीन खणत असत, आणि कुदळीला जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागत. एकदा दगडात कोरलेले एक सुंदर कमळ सापडले, बहुधा एखाद्या दाराच्या वरचे. खोल खणण्याची परवानगी नव्हती. हिंदुस्थानच्या भूतकाळाचा शोध घेणाऱ्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात ही खणती आहे. प्रत्यक्ष जमीन जिथे खणू दिली नाही, तिथे लेखकाने स्मृती खणली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. या पुस्तकाचे विवेचन करताना नगरचा किल्ला 'लेखनस्थळ' म्हणून एका ओळीत उरकणे आम्हांस अपुरे वाटते.

आता जिल्ह्याच्या नव्या नावाकडे येऊ. नावे बदलण्याविषयी मतभेद असतात, त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर अठराव्या शतकातील भारताच्या मोठ्या बांधकामकर्त्या होत्या, एवढे निर्विवाद आहे. १७८० मधील काशी विश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, महेश्वरचे घाट, आणि ठिकठिकाणच्या विहिरी व धर्मशाळा ही त्यांची कामे. त्यांत स्वतःच्या राज्याबाहेरची कामे पुष्कळ आहेत. कर न देणाऱ्या, कधीही प्रजा न होणाऱ्या अनोळखी वाटसरूसाठी ती केलेली आहेत. म्हणजे जिल्ह्याचे जुने नाव शहर वसवणाऱ्याचे होते आणि नवे नाव घाट बांधणारीचे आहे. दोन्ही नावे वास्तूशीच जोडलेली आहेत, आणि या भूमीवर कोणाकोणाचे काम उभे आहे हे सांगण्यासाठी दोन्ही स्मरणात ठेवावी लागतील.

या सर्व ठिकाणांकडे एकत्र पाहिल्यावर आमचे म्हणणे असे होते. वास्तू भाषेला जागा देते, आकार देते, कधी कधी ग्रंथाचा आराखडाही देते. आणि वास्तूचा उपयोग संपल्यावर तिला जिवंत ठेवण्याचे काम भाषा करते. नेवाशाचा खांब ओवीमुळे राहिला. शाह डोंगरावरची कबर एका चुकीच्या पण प्रेमाच्या नावामुळे लोकांच्या बोलण्यात राहिली. उलट, ज्या खापरी नळांनी शहराला पाणी पाजले, त्यांच्यावर कोणी ओवी रचली नाही. त्यांचे जे भाग रस्त्यांच्या आणि इमारतींच्या पायांसाठी फुटत गेले, त्यांच्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. संरक्षित स्मारकांची यादी करणे हे सरकारचे काम. पण यादीत नसलेल्या गोष्टींना शब्द मिळवून देणे हे साहित्याच्या माणसांचे काम आहे, आणि त्यात आपण कमी पडलो आहोत.

म्हणून अध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. कळसाध्याय शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना जवळच्या एखाद्या जुन्या देवळापुढे उभे करावे, आणि जोते, भिंत, भूमी, ग्रीवा, कळस हे शब्द बोट दाखवून त्यांच्याकडून म्हणवून घ्यावेत. मग ती ओवी वर्गात वाचावी. जिथे देऊळ नसेल तिथे मशीद, वाडा, बारव, गावची वेस, काहीही चालेल; तिच्या भागांची गावातली नावे म्हाताऱ्या गवंड्यांना विचारून लिहून आणायला सांगावे. ती नावे पुष्कळदा कोशात सापडणार नाहीत, आणि ती जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत.