हाताळलेल्या वस्तूंचे छायालेख

इतिहास म्हणजे लढाया आणि तहनामे, असे आपण फार दिवस मानीत आलो. घरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो, हे पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवून दाखविले. तरी एक कोपरा अंधारातच राहिला. शरीराच्या उणिवेशी जुळते घेताना माणूस ज्या वस्तूंना वेगळे वळण देतो, त्यांची नोंद आपण ठेवली नाही.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली निघाली. पण दीर्घकाळ अपंग मनुष्य चित्रात आला तो बहुधा दयेचा विषय म्हणून. कॅमेरा त्याच्या हाती क्वचितच होता.

तो हाती आला की काय घडते, हे प्रागच्या योसेफ सुदेकने दाखविले. हा १८९६ साली जन्मलेला पुस्तकबांधणीचा कारागीर. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, त्याबरोबर धंदाही गेला. म्हणून तो छायाचित्रणाकडे वळला. एका हाताने जड कॅमेरा मांडावयाचा म्हणजे वेळ लागणारच. त्याने घाई सोडली. १९४० पासून १९५४ पर्यंत आपल्या चित्रशाळेच्या खिडकीची छायाचित्रे तो घेत राहिला. पाण्याचा पेला, अंडे, पाव अशा साध्या वस्तूही त्याने टिपल्या. त्या चित्रांत हाताचा विलाप नाही. आहे ती सावकाश पाहण्याची सवय.

आपल्या मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ साली अंधांना छायाचित्रण शिकविण्यास आरंभ केला. ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हे त्या उपक्रमाचे नाव. वस्तू हाताने चाचपून, आवाजाची दिशा ओळखून आणि उन्हाची ऊब अंगावर घेऊन ही मंडळी चित्र जुळवितात. ती चित्रे उठावाची करून ब्रेल मजकुरासह मांडली, म्हणजे बोटांनाही वाचता येतात. डोळसांनी अंधांकडे पाहावयाचे, ही जुनी रीत येथे उलटते.

आता मनमाडचेच पाहा. जंक्शनवर गाडी बदलणाऱ्यांत कुबड्या आणि पांढऱ्या काठ्या किती असतात! आपल्या घरांतही मुठीला चिंध्या गुंडाळलेली काठी किंवा पाय कापून ठेंगणा केलेला पाट सापडेल. माणूस गेला की ती वस्तू अडगळीत आणि पुढे बंबात जाते. तिच्याबरोबर एका आयुष्याची युक्ती जळते. तेव्हा आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे, की तिचे चित्र आजच घ्यावे. आणि शक्य असेल तेथे कॅमेरा त्या वस्तूच्या धन्याच्याच हाती द्यावा.