हळू, पण स्वस्त: सॅकवाल्यांच्या विमानाची गोष्ट

आजच्या एपिसोडची सुरुवात एका तिकिटापासून. मी पाठीवर सॅक टाकून तीन आठवडे युरोप फिरायला निघालो, तेव्हा सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं होतं. मुंबईहून थेट नाही, मध्ये आखातात अकरा तासांचा लेओव्हर. आई म्हणाली, “अरे, अकरा तास तिथे बसून करणार काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्या अकरा तासांत, एअरपोर्टच्या फरशीवर सॅक उशाला घेऊन, मी हेच वाचत बसलो: खिशात फारसे पैसे नसलेल्या तरुणांना लांबच्या विमानात पहिल्यांदा बसवलं कोणी?

मला वाटलं होतं, उत्तर सोपं असेल. जेट आलं, विमानं मोठी झाली, तिकीट उतरलं. पण तसं झालं नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

जरा मागे जाऊया. एप्रिल १९४५, क्युबातलं हवाना शहर. तिथे विमान कंपन्यांची एक संघटना स्थापन झाली, आयाटा. कुठल्या मार्गाला किती भाडं घ्यायचं, हे सभासद कंपन्या एकत्र बसून ठरवायच्या आणि सरकारं त्यावर शिक्का मारायची. म्हणजे न्यूयॉर्कहून लंडनला कुठल्याही मोठ्या कंपनीने जा, भाडं तेच.

हे किती टोकाला गेलं होतं ऐका. १९५८ मध्ये अटलांटिकवर इकॉनॉमी क्लास सुरू झाला. नियम असा की त्यात जेवण म्हणून फक्त साधी, थंड सँडविचेस द्यायची. स्कँडिनेव्हियाच्या एसएएसने त्यांच्याकडच्या पद्धतीची उघडी सँडविचेस दिली, वर भरपूर काय काय रचलेली. झालं! पॅन अॅमने तक्रार केली की हे सँडविच नाही, हे तर जेवण आहे. प्रकरण आयाटाकडे गेलं आणि एसएएसला दंड झाला. भाडं बांधलेलं, त्यामुळे भांडण सँडविचवर!

आता आपला हिरो. आइसलँड. तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या दोन लाखांच्याही आत. कॅनडात विमान चालवायला शिकून आलेल्या तीन तरुण वैमानिकांनी १९४४ मध्ये तिथे एक कंपनी काढली, लॉफ्टलेदिर. ही कंपनी आयाटाची सभासद झालीच नाही. त्यामुळे तिथली भाडी पाळायचं बंधन तिच्यावर नव्हतं.

पण थांबा, एवढ्याने भागत नाही. विमान जिथे उतरणार, त्या देशाच्या सरकारनेही ते भाडं मान्य करायला हवं. ज्यांच्या स्वतःच्या मोठ्या कंपन्या आहेत, ते देश कशाला मान्य करतील? म्हणून १९५५ पासून ही विमानं लक्झेंबर्गला उतरायला लागली. छोटासा देश, वाचवायला स्वतःची मोठी कंपनी नाही, आणि पाहुणे आले तर हवेच होते. न्यूयॉर्क ते आइसलँड, आइसलँड ते लक्झेंबर्ग. पुढे ट्रेन पकडा नाहीतर रस्त्यावर अंगठा दाखवून लिफ्ट मागा.

आणि विमानं कुठली? १९५८ मध्ये पॅन अॅमचं बोइंग ७०७ जेट न्यूयॉर्कहून पॅरिसला जायला लागलं, तरी लॉफ्टलेदिर कितीतरी वर्षं पंख्याचीच विमानं उडवत राहिली. वेळ जास्त लागायचा, आणि ते त्यांनी लपवलं नाही. जाहिरातच अशी होती की आम्ही हळू आहोत, पण आमचं भाडंही कमी आहे. मधला थांबा ही अडचण होती ना? त्यांनी तोच विकायला काढला: उतरा, एखादा दिवस आइसलँड बघा, मग पुढे जा. आज ज्याला स्टॉपओव्हर पॅकेज म्हणतात, ते हेच.

अमेरिकेतली कॉलेजची पोरं या विमानांवर तुटून पडली. लोक तिला चक्क ‘हिप्पी एअरलाइन’ म्हणायला लागले. यातले काहीजण पुढे इस्तंबूल, तेहरान, काबूल असं जमिनीवरून करत थेट आपल्या गोव्यात, हणजुणच्या किनाऱ्यावर पोचले.

इथे वाचता वाचता मी अडकलो. ती पोरं हणजुणला आली, तेव्हा माझे आजोबाही पंचविशीतच होते. मग ते का नाही निघाले उलट्या दिशेने?

फक्त तिकिटाचा प्रश्न नव्हता. साठच्या दशकात परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेकडून ‘पी फॉर्म’ मंजूर करून घ्यावा लागे, आणि परकीय चलन अगदी हातावर टेकवल्यासारखं मिळे. त्याही आधी पासपोर्ट. तो देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, परदेशी जाणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. म्हणजे रस्ता तोच, किनारा तोच, पण बराच काळ तो एकाच बाजूने उघडा होता.

पुढचं थोडक्यात. १९७३ मध्ये लॉफ्टलेदिर आणि आइसलँडची दुसरी विमान कंपनी एकत्र आल्या, त्यातून आजची आइसलँडएअर झाली. १९७७ मध्ये फ्रेडी लेकरने लंडन-न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ सुरू केली: रांगेत उभं राहा, ५९ पौंड द्या, बसा. १९८२ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, पण बांधलेली भाडी परत पहिल्यासारखी कधी घट्ट झाली नाहीत.

म्हणून मला वाटतं, स्वस्त तिकीट नुसतं इंजिनातून आलं नाही. कोणीतरी ठरलेला भाव नाकारला, कोणीतरी कोर्टात गेलं, तेव्हा आपल्यासारख्यांना जागा मिळाली.

तिथूनच मी आईला फोन केला. म्हटलं, “आई, वेळ छान गेला गं.” ती म्हणाली, “ते राहू दे, जेवलास का?” मी सँडविच खात होतो. थंड, साधं, नियमात बसणारं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमचा सगळ्यात लांब लेओव्हर कुठला, नक्की कळवा!