चिकलठाणा विमानतळ, छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्व अंगाला, जालना रस्त्याच्या दक्षिणेस असलेला देशांतर्गत विमानतळ. व्यवस्थापन भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. तिकिटावरील सांकेतिक अक्षरे आयएक्सयू. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 582 मी. पूर्व-पश्चिम अशी एकच धावपट्टी, लांबी सुमारे 9,300 फूट. प्रवाशांसाठी इमारतही एकच. आगमन आणि प्रस्थान त्याच छताखाली. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा येथून नाही. मात्र हज यात्रेकरूंसाठी जेद्दाहची उड्डाणे येथून झालेली आहेत आणि मराठवाड्यातील यात्रेकरूंना त्यामुळे मुंबई गाठण्याची दगदग वाचली.

शहराचे नाव फेब्रुवारी 2023 मध्ये बदलले. विमानतळाला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने त्याआधीच, मार्च 2020 मध्ये घेतला होता. रेल्वे स्थानकाचे नाव ऑक्टोबर 2025 मध्ये बदलले. शहरात मात्र ‘चिकलठाणा’ म्हटले की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावे लागत नाही. तिकीट काढताना आयएक्सयू ही अक्षरे पाहावीत, म्हणजे जुन्या-नव्या नावांचा घोटाळा होत नाही. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचे शहर व जिल्हा आहे, हे परप्रांतांतून किंवा परदेशातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

या विमानतळाचा आजचा आकार समजून घ्यायचा तर अजिंठ्यापासून सुरुवात करावी लागते. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी 1983 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. पुढे 1990 च्या दशकात जपान सरकारच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्प सुरू झाला आणि 2003 मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याचा करार झाला. लेण्यांचे जतन, रस्ते, पाणीपुरवठा, वनीकरण, अभ्यागत केंद्रे यांच्या जोडीला या विमानतळाची सुधारणा हाही त्या प्रकल्पाचा भाग होता. बौद्ध जगातला यात्रेकरू थेट लेण्यांच्या दारी उतरावा, हा त्यामागचा हेतू. नवी टर्मिनल इमारत 2009 मध्ये सुरू झाली. एका वेळी 350 येणारे आणि 350 जाणारे प्रवासी सामावतील अशी तिची क्षमता, आणि विमानात चढण्यासाठी एअरोब्रिजची सोय. मराठवाड्यात याआधी अशी इमारत नव्हती. मोठ्या विमानतळावरील धक्काबुक्कीला सरावलेल्या प्रवाशाला येथील ऐसपैस मोकळेपणा पहिल्या भेटीतच जाणवतो.

हा मोकळेपणा जितका सुखाचा, तितकाच तो खंत वाटावी असाही आहे. इमारत ज्या यात्रेकरूसाठी उभी राहिली तो आजही मुंबई किंवा दिल्लीला उतरतो आणि तेथून विमान बदलून किंवा रस्त्याने इकडे येतो. रोजचा प्रवासी वेगळाच आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतले अधिकारी, मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठात येणारे वकील, उपचारासाठी मुंबई गाठणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, पुण्या-मुंबईऐवजी हैदराबाद-बंगळुरूला नोकरी करणारी मराठवाड्यातली मुले. शेंद्रा-बिडकीन येथे ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहू लागल्यापासून ही वर्दळ आणखी वाढली. पर्यटनासाठी बांधलेला हा विमानतळ खऱ्या अर्थाने कारखानदारीने आणि कामकाजाने चालता ठेवला आहे.

विमानसेवेची कथा चढउतारांची आहे. इंडियन एअरलाइन्सच्या काळात दिल्ली–जयपूर–उदयपूर–औरंगाबाद–मुंबई असा मार्ग होता. राजस्थानचे महाल पाहून लेण्यांकडे वळणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या सोयीने तो आखलेला दिसतो. खासगी कंपन्या आल्यावर मुंबईची सेवा वाढली. 2015 पासून ट्रूजेटने हैदराबाद जोडले. 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि एवढ्या मोठ्या औद्योगिक शहराचा हवाई संपर्क काही महिने अगदी तुटपुंजा राहिला. उद्योजकांच्या संघटनांनी तेव्हा दिल्लीपर्यंत पाठपुरावा केला. 2020 च्या सुरुवातीला इंडिगोने येथे पाय ठेवला आणि लगोलग करोनाची टाळेबंदी आली. ट्रूजेटही पुढे बंद झाली. त्यानंतर घडी पुन्हा बसत गेली. मुंबई, दिल्ली, हैदराबाद आणि बंगळुरू ही आता येथून जोडलेली मुख्य शहरे आहेत. इतर शहरांची उड्डाणे सुरू होतात, बंदही होतात. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक बदलताना वेळाही हलतात. म्हणून जुन्या अनुभवावर विसंबून लग्नाची किंवा सुनावणीची तारीख बांधू नये, चालू वेळापत्रक पाहावे.

या विमानतळाच्या इतिहासातील सर्वांत दुःखद दिवस 26 एप्रिल 1993 हा. इंडियन एअरलाइन्सचे 491 क्रमांकाचे बोइंग 737 विमान दुपारी एकच्या सुमारास मुंबईकडे निघाले. आत कर्मचाऱ्यांसह 118 जण होते. विमान भरलेले होते आणि वैशाखाच्या तोंडावरचे कडक ऊन होते. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडकडे जाणारा रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या गाठी लादलेला ट्रक चालला होता. विमान पुरेसे वर उठले नव्हते. त्याची डावीकडची चाके ट्रकला धडकली. जखमी विमान पुढे गेले, उच्चदाबाच्या विद्युतवाहिन्यांवर आदळले आणि जमिनीवर कोसळून पेटले. 55 जणांचा मृत्यू झाला, 63 जण वाचले. चौकशीत दोन कारणे पुढे आली : वैमानिकाने विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याची व्यवस्था तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती. शहरातल्या जुन्या माणसांना तो दिवस अजूनही काल घडल्यासारखा आठवतो. पंचावन्न कुटुंबांचे झालेले नुकसान एका बंद फाटकाने टळू शकले असते, हे मनाला लागून राहते.

उन्हाचा आणि धावपट्टीचा संबंध सर्वसामान्य प्रवाशालाही माहीत असावा. हवा तापली की विरळ होते, पंखांना मिळणारी उचल घटते आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो. त्यातच समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची भर पडते. त्याच वजनाच्या विमानाला मग अधिक लांब धावावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणाऱ्या या शहरात धावपट्टीची लांबी हा म्हणूनच प्रतिष्ठेचा नव्हे, गरजेचा प्रश्न आहे. ती 12,000 फुटांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव असून त्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी आणि मुर्तिजापूर शिवारांतली सुमारे 139 एकर जमीन लागणार आहे. विस्तार व्हायला हवा, याविषयी शहरात फारसे दुमत नाही. परंतु ही जमीन वसाहतींना लागून आहे, तिच्यावर घरे उभी आहेत, आणि मोबदला ठरवताना त्या घरांतल्या माणसांना आधी विचारले गेले पाहिजे. मोठी मालवाहू आणि लांब पल्ल्याची विमाने उतरू लागली तर शेंद्र्याचा सुटा भाग आणि मराठवाड्याचा शेतमाल मुंबईच्या गोदामात न अडकता बाहेर जाऊ शकेल.

परदेशी जाणाऱ्या येथील प्रवाशाची खरी कसोटी चिकलठाण्यात लागत नाही, पुढच्या विमानतळावर लागते. येथे टर्मिनल एकच असल्याने चुकायला वावच नाही. तिकडे मात्र नीट पाहावे लागते. मुंबईत टर्मिनल 1 सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल 2 सहारला. परदेशी उड्डाणे टर्मिनल 2 मधून सुटतात. धावपट्ट्या सामाईक असल्या तरी दोन इमारतींमधले अंतर रस्त्याने काही किलोमीटरचे आहे आणि पावसाळ्याच्या संध्याकाळी ते तासाभराचे होऊ शकते. ऑक्टोबर 2024 पासून भुयारी मेट्रोची दोन्ही टर्मिनलांजवळ स्थानके झाली आहेत, ही मोठी सोय. त्यात आता नवी मुंबईच्या विमानतळाची भर पडली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यामुळे ‘मुंबई’ एवढेच वाचून भागत नाही. विमानतळ कोणता आणि टर्मिनल कोणते, हे दोन्ही तिकिटावर पाहावे. दिल्लीत परदेशी उड्डाणे टर्मिनल 3 मधून होतात आणि टर्मिनल 1 त्यापासून बरेच दूर, वेगळ्या बाजूला आहे. बंगळुरूत परदेशी उड्डाणांसाठी टर्मिनल 2. हैदराबादचे शमशाबाद विमानतळ मात्र या बाबतीत सर्वांत सोपे : देशी-परदेशी दोन्ही एकाच इमारतीत. आखाती देशांत कामाला जाणाऱ्या मराठवाड्यातील माणसाने, विशेषतः पहिल्यांदा जाणाऱ्याने किंवा वृद्ध आई-वडिलांना मुलाकडे पाठवणाऱ्याने, वेळ आणि भाडे जमत असेल तर हैदराबादचा विचार आधी करावा.

सामानाविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर जाताना बॅग बहुधा शेवटच्या ठिकाणापर्यंत पाठवता येते; चिकलठाण्याच्या काउंटरवरच विचारून घ्यावे आणि बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवरची अक्षरे वाचून पाहावीत. परतताना मात्र सर्वसाधारणपणे भारतातल्या पहिल्या विमानतळावर बॅग उचलावी लागते, सीमाशुल्क तपासणीतून न्यावी लागते आणि पुन्हा जमा करावी लागते. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर पहिल्या विमानाला झालेल्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. अशा वेळी मध्ये चार-पाच तास मोकळे ठेवणे शहाणपणाचे.

विमानतळावर पोचण्याचा मार्ग म्हणजे जालना रस्ता. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी असे करत पूर्वेकडे यावे. विमानतळ उजव्या हाताला लागतो. क्रांती चौकापासून अंतर सुमारे आठ किलोमीटर. पहाटे ते चुटकीसरशी कापले जाते, पण कार्यालये आणि शाळा सुटण्याच्या वेळी सिडको परिसरात वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. अर्धा तास जादा धरून निघावे, कारण बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतात. महापालिका हद्दीतील ‘माझी स्मार्ट बस’ 2019 पासून धावते आणि जालना रस्ता तिचा प्रमुख मार्ग आहे. सामान थोडे असेल तर ती स्वस्त पडते. मुकुंदवाडीचे छोटे रेल्वे स्थानकही जवळ आहे, पण सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. जालना, परभणी, बीडकडून येणाऱ्यांनी शहरात शिरण्याचे कारण नाही. जालन्याकडून येताना केंब्रिज चौक ओलांडला की विमानतळ लागतो आणि बीडकडची वाहनेही झाल्टा फाट्यावरून याच चौकात येऊ शकतात.

पर्यटकाने उतरल्यावर कोणत्या दिशेला वळायचे हे आधी ठरवावे. वेरूळसाठी शहर ओलांडून पश्चिमेला जावे लागते. वाटेत दौलताबादचा किल्ला आणि खुलताबाद. वेरूळच्या लेण्यांशेजारीच घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर असले तरी शहरातली वाहतूक आणि दौलताबादचा घाट धरून दीड तास मोजावा. अजिंठा उत्तरेला, सुमारे शंभर किलोमीटरवर, फुलंब्री आणि सिल्लोडमार्गे. केंब्रिज चौकातून सावंगीकडे जाणाऱ्या बाह्यवळणाने शहर टाळता येते. फर्दापूरच्या फाट्यावर स्वतःचे वाहन ठेवून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचे असते, हा वेळही हिशेबात धरावा. शिर्डीला जाणाऱ्यांसाठी सावंगीहून समृद्धी महामार्ग सोयीचा आहे. 2017 मध्ये काकडी येथे शिर्डीचे स्वतंत्र विमानतळ सुरू झाल्यापासून साईभक्तांचा मोठा ओघ तिकडे वळला.

अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी संध्याकाळी उतरून सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असा बेत आखणाऱ्याला दोन्ही दारे बंद मिळतात. क्रम उलटा केला की दोन्ही उघडी. आणि ज्याला फक्त अजिंठाच पाहायचे आहे त्याने जळगावच्या विमानसेवेचीही चौकशी करावी. तेथून लेणी सुमारे साठ किलोमीटरवर आहेत.