वच्छोमी

इंग्रजीत 'डूलाली' असा एक शब्द आहे. एखाद्याचं डोकं फिरलं, तो भ्रमिष्टासारखा वागायला लागला, की तो 'डूलाली झाला' म्हणतात. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. १८६१ साली तिथं गोऱ्या सैन्याची छावणी झाली. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यासाठी देवळालीत येऊन थांबत. सैन्याची जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटायची. शेवटचं जहाज हुकलं की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा छावणीत काढायचा. हाताला काम नाही, घराची ओढ, दारू, वरून हिवताप. अशा शिपायाला 'डूलाली टॅप' झालाय असं सोबती म्हणत. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढं ताप गळून पडला आणि एकटी देवळाली इंग्रजी कोशात जाऊन बसली.

गावाचं नाव उचलायचं आणि माणसाच्या वागण्या-बोलण्याला चिकटवायचं, ही इंग्रजीची जुनी खोड. मोजकं बोलणाऱ्याला 'लॅकॉनिक' म्हणतात, ते स्पार्टाच्या लॅकोनिया प्रांतावरून. मॅसिडोनियाच्या फिलिपनं धमकीचा निरोप पाठवला, की मी लॅकोनियात शिरलो तर सगळं उद्ध्वस्त करीन. स्पार्टावाल्यांनी एका शब्दात उत्तर धाडलं : 'तर'. व्याकरणाच्या चुकीला 'सोलेसिझम' म्हणतात. त्यात सोलोई हे गाव आहे, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. तिथं वसलेल्या ग्रीकांची भाषा बिघडली, असं अथेन्सवाल्यांचं म्हणणं. पोकळ बडबडीला 'बंकम' म्हणतात, कारण १८२० मध्ये अमेरिकेच्या संसदेत फेलिक्स वॉकर नावाचे सभासद कंटाळवाणं भाषण थांबवेनात आणि म्हणाले, मला माझ्या बंकम परगण्यासाठी बोलायचंच आहे. आयर्लंडच्या ब्लार्नी किल्ल्यावरून लाडीगोडीचं बोलणं म्हणजे 'ब्लार्नी'. लंडनच्या बिलिंग्सगेट मासळी बाजारावरून शिवराळ भाषा म्हणजे 'बिलिंग्सगेट'. आपल्याकडे वर्गात गलका झाला की मास्तर विचारतात, मासळी बाजार भरलाय का? तिकडच्या बाजाराची शिवी लोकांच्या लक्षात राहिली, इकडच्या बाजाराचा आवाज.

ही यादी वाचताना एक गोष्ट खटकते. यातलं जवळजवळ प्रत्येक नाव टवाळीचं आहे. सोलोईच्या लोकांनी आपल्या चुकांना सोलेसिझम म्हटलं नव्हतं, ते अथेन्सनं म्हटलं. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांच्यात एका अनुस्वाराचं अंतर आहे. इथं मात्र दोन्ही एकाच वेळी झालेलं दिसतं.

म्हणूनच मला माझ्या वाशीमचं अप्रूप वाटतं. वाशीमच्या नावावरूनही बोलण्याच्या एका तऱ्हेला नाव पडलं, आणि ते निखळ कौतुकाचं. तो शब्द 'वच्छोमी'. शाळेत आम्ही इंग्रजीच्या तासाला 'पन' शिकलो आणि मराठीच्या तासाला श्लेष. दोन्हींच्या व्याख्या घोकल्या. पण ज्या गावात बसून हे घोकतो आहोत त्याचंच नाव कधीकाळी साहित्यशास्त्रात होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ती चुटपुट अजून आहे.

राजशेखर हा इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांच्या सांध्यावरचा कवी. कनौजच्या प्रतिहार राजांच्या पदरी होता, पण घराणं इकडचं. त्याच्या पणजोबाला, अकालजलदाला, 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणत. राजशेखरानं 'कर्पूरमंजरी' हे नाटक सबंध प्राकृतात लिहिलं. त्याच्या आरंभीच तो काव्याच्या तीन रीतींचं स्मरण करतो : वच्छोमी, मागधी आणि पांचाली. टीकाकार वच्छोमीचा अर्थ देतात वैदर्भी. संस्कृत पंडित ज्या शैलीला सबंध विदर्भाचं नाव देत होते, तिला प्राकृत नाटकात एका शहराचं नाव मिळालं. याच नाटकात मांत्रिक काही चमत्कार दाखवायला तयार होतो तेव्हा विदूषक सांगतो, की दक्षिणापथात वच्छोम नावाचं नगर आहे, तिथं मी एक कन्यारत्न पाहिलं. वाशीमचं नाव नाटकात हशा पिकवणाऱ्याच्या तोंडून येतं, याचा मला फार आनंद आहे.

वच्छोम म्हणजे वत्सगुल्म. हा शब्द तोंडात घोळवून पाहावा. 'त्स' म्हणायला जीभ अडखळते, तिथं प्राकृतानं 'च्छ' केला : वत्साचा वच्छ, मत्स्याचा मच्छ. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'ग' विरून गेला, जसा 'नगर'मधला विरला आणि जामनेर-अंमळनेरात नुसता 'नेर' उरला. 'ल्म'चा 'म्म' झाला. मग शेजारी आलेले 'अ' आणि 'उ' मिळून 'ओ' झाला, आणि वच्छोम तयार. मराठीनं त्यापुढं आपलं काम केलं. जोडाक्षर सोडवून आधीचा स्वर लांबवायचा ही तिची सवय, म्हणून मच्छाचा मासा झाला आणि वच्छाचा 'वास'. हा 'वास' आपण रोज उच्चारतो : वासरू म्हणजे वत्सरूप. पुढं 'ई' आली की आपला 'स' आपोआप 'श' होतो, जसं म्हैस आणि म्हशी. वाशीमही तसंच. गायीमागं हुंदडणारं वासरू आणि जिल्ह्याचं ठिकाण वाशीम, दोघांचं पहिलं अक्षर एकाच पोटचं आहे.

गुल्म म्हणजे झुडूप, जाळी, नाहीतर सैन्याची तुकडी. कामसूत्राचा टीकाकार सांगतो की वत्स आणि गुल्म हे दोन राजपुत्र भाऊ होते, त्यांच्यावरून हे नाव. गावात सांगतात ती वत्स ऋषींची कथा, देव समुदायानं इथं जमले म्हणून गुल्म. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर ही कथा ऐकायला गोड वाटते. पण शब्द मधोमध चिरून प्रत्येक फाकेला एकेक पात्र देणं हा शब्दांचा खेळ झाला. मी त्याला इतिहास म्हणणार नाही.

आता रीत. वच्छोमी म्हणजे नेमकं काय? लांबलचक समास नाहीत, कानाला खुपणारी अक्षरं नाहीत, अर्थ लगेच उमगतो आणि तरी गोडवा टिकतो. हिच्या उलट गौडी : समासांची माळ, दणदणीत अक्षरं. फरक कळायला संस्कृत यायलाच हवं असं नाही. एखाद्या फाटकावर पाटी असते, 'अनधिकृतवाहनप्रवेशप्रतिबंधित क्षेत्र'. ही गौडी. तिथला म्हातारा चौकीदार म्हणतो, "भाऊ, अठी गाडी लावू नोका." ही आपली वच्छोमी. पाटी वाचून माणूस क्षणभर उभा राहतो. चौकीदाराचं ऐकून गाडी वळवतो.

राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त या रीतींची एक गोष्ट रचली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडतो. त्याला वळवायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. तो पुढं, ती मागं. पूर्वेकडे ती नटते, नाचते, पण त्याचं मन ढळत नाही. तिथं तो समासांनी भरलेलं जे बोलतो ती गौडी. पांचाल देशात तो थोडा मवाळतो. दक्षिणेत येईतो पुरता तिचा होतो, आणि तेव्हा त्याच्या तोंडून जे सोपं, सरळ बोलणं निघतं ती वैदर्भी. प्रेमात पडल्यावर माणसाचे समास सुटतात, ही राजशेखराची कल्पना मला त्याच्या सगळ्या शास्त्राहून मोलाची वाटते. शेवटी विदर्भात मदनाचं क्रीडास्थान असलेल्या वत्सगुल्म नगरात दोघांचं गांधर्व विवाहानं लग्न लागतं. शब्द आणि अर्थ यांचं हे लग्न वाशीमला लागलं. वऱ्हाडात निघालेलं असं वऱ्हाड पुन्हा झालं नाही.

हे सगळ्यांनाच पटलं असं नाही. राजशेखरानंतर काश्मीरचा कुंतक आला, 'वक्रोक्तिजीवित' लिहिणारा. त्याचा आक्षेप ऐकण्यासारखा आहे. तो म्हणतो, काव्य ही काही मामेबहिणीशी लग्न करण्यासारखी देशाची चाल नव्हे, की अमुक मुलखातल्या माणसानं अमुक रीतीनंच लिहावं. मराठीत आज 'रीत' म्हणजे चालच, त्यामुळं हा टोला आपल्याला नेमका लागतो. मला कुंतकाचं म्हणणं मान्य आहे. गोड बोलणं कुणा गावाच्या मालकीचं नसतं. त्यानं मग प्रांतांची नावं काढून टाकली आणि सुकुमार, विचित्र, मध्यम असे मार्ग सांगितले. सुकुमार मार्ग म्हणजे जवळपास जुनी वैदर्भीच. त्याचं उदाहरण म्हणून त्यानं दोन कवींची नावं घेतली : कालिदास आणि सर्वसेन.

हा सर्वसेन म्हणजे वत्सगुल्मचा राजा. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा, चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातला, वाकाटक राजघराण्याच्या वाशीम शाखेचा मूळपुरुष. कुंतकानं गावाचं नाव पुसलं आणि कवी शोधायला गेला तो त्याच गावात.

सर्वसेनाचं 'हरिविजय' हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात होतं. सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो, ती कथा. काव्य आज मिळत नाही. काश्मीरच्या आनंदवर्धनानं त्याची वाखाणणी केली, धारच्या भोजानं त्यातल्या ओळी उदाहरणादाखल घेतल्या, म्हणून तेवढे तुकडे उरले. वाशीमच्या राजाची कविता वाचायला आज काश्मीर आणि माळव्याच्या पंडितांच्या पोथ्या उघडाव्या लागतात. आपल्याच जिल्ह्यात कारंज्याच्या जैन भांडारांनी अपभ्रंश भाषेतले ग्रंथ शतकानुशतकं सांभाळले, हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी ते १९३० च्या दशकात छापून काढले. त्या पोथ्यांत कुठं 'हरिविजय' निघायला हवं होतं, असं प्रत्येक वेळी वाटतं.

सर्वसेनाच्या मुलाचं मात्र अस्सल अक्षर हाती आहे. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमलाच सापडला. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेलं, नांदेडकडच्या एका गावाचं हे दान. त्यात एक गंमत आहे. राजाची वंशावळ, बापजाद्यांचे यज्ञ आणि पराक्रम, हे संस्कृतात. पण दानाचा हुकूम, म्हणजे गाव कुणाला दिलं, कुणी काय मागायचं नाही, कुणी आत पाऊल टाकायचं नाही, हे सांगायची वेळ आली की ताम्रपटावरची भाषा प्राकृत होते. मिरवायचं एका भाषेत, कळवायचं दुसऱ्या.

मागच्या उन्हाळ्यात एका तहसिलीच्या ओट्यावर एक मुलगा आईला कागद वाचून दाखवत होता. 'उपरोक्त विषयान्वये सदरहू अर्जदारास' असं काहीसं. आई गप्प होती. मग त्यानं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "म्हंजे आपलं नाव लागलं मा. आता कोनी काही म्हनत नाही."