उन्हाचं पाणी, सावलीचं घर

नंदुरबार जिल्ह्यात ऊन विकत घ्यावं लागत नाही. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पौषात मात्र तोरणमाळला, सुमारे ११५० मीटर उंचीवर, गार पाण्यात हात घालायला धीर होत नाही. उन्हाळ्यात घर निवतं ठेवायचं आणि हिवाळ्यात पाणी तापवायचं, या दोन कामांपायी घरातलं इंधन आणि वीज जाते. ही कामं पूर्वी कशी होत, त्यात पुढे काय बदललं, ते आज पाहू.

खानदेशातली जुनी धाब्याची घरं आपल्याला ठाऊक आहेतच. लाकडी तुळयांवर फळ्या वा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. माती उशिरा तापते आणि उशिराच निवते. म्हणून दुपारची धग आत पोचेतो संध्याकाळ होते. सातपुड्यात भिल्ल व पावरा बांधवांनी बांबूच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या भिंती उभ्या केल्या. पुढे पत्रा आला. हलका, झटपट चढणारा, दरसाल डागडुजी न मागणारा. लोकांनी तो घेतला यात नवल नाही. पण पत्रा घडीभरात तापतो आणि मग पंखासुद्धा गरम वाराच फिरवतो.

पाण्याचीही अशीच कथा आहे. तीन दगडांच्या चुलीत बराचसा जाळ भांड्याबाहेरूनच निघून जातो. त्यावर बंबाची युक्ती निघाली: मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. थोड्या ढलप्यांत पाणी तापू लागलं. तरी लाकूड लागतंच, आणि मोळी बहुधा आयाबहिणींच्याच डोक्यावर असते.

मग उन्हानेच पाणी तापवलं तर? स्वित्झर्लंडच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६७ साली काच लावलेल्या पेटीत ऊन कोंडून दाखवलं. आपल्या मुंबईत हायकोर्टातले एक अधिकारी, विल्यम अ‍ॅडम्स, यांनी आरशांनी ऊन एकवटून स्वयंपाक केला. ऐन जानेवारीत सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजलं. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असं सांगणारं त्यांचं पुस्तक १८७८ साली निघालं. पण लाकूड आणि कोळसा हाताशी असताना हा खटाटोप करणार कोण? १९०९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या विल्यम बेली यांनी तापणारी पेटी व पाण्याची टाकी वेगळी केली आणि टाकीला उबदार वेष्टण दिलं. त्यामुळे दिवसा तापलेलं पाणी सकाळपर्यंत टिकू लागलं. १९७३ साली जगात तेल महागलं, तेव्हा सगळ्यांनाच सूर्याची आठवण झाली. महाराष्ट्रात १९८५ साली महाऊर्जा ही संस्था स्थापन झाली, आणि २००१ साली देशात ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला.

आता हिशेब करू. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे पावणेपाच युनिट वीज लागते. साध्या चुलीवर ढोबळमानाने आठ-दहा किलो लाकूड. एवढं पाणी तापवायला सुमारे दोन चौरस मीटरची पेटी पुरते. तिचं तोंड दक्षिणेला हवं आणि टाकी तिच्याहून उंच. तापलेलं पाणी हलकं होऊन आपणहून वर चढतं, पंप लागत नाही. आश्रमशाळेच्या वसतिगृहात रोज किती लाकूड वाचेल, ते मुलांनाच काढू द्या. ढगाळ दिवसांसाठी दुसरी सोय मात्र ठेवावी लागते.

पण आधी घराकडे पाहावं. पत्र्याला वरून चुना द्या, खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत बांधा, पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरा. याला खर्च थोडा. शिक्षकांनी पत्र्याचे दोन तुकडे घ्यावेत, एकाला काळा रंग द्यावा, एकाला चुना, आणि दोन्ही उन्हात ठेवून मुलांना थोड्या वेळाने हात लावायला सांगावं. कोणता पत्रा छपरावर हवा आणि कोणता पाणी तापवण्याच्या पेटीत, हे मग फळ्यावर लिहावं लागणार नाही.