आजोबांचं नाव, गादीचा दावा

मराठ्यांच्या इतिहासात तीच ती नावं पुन्हा पुन्हा येतात आणि वाचणारा गोंधळतो. दोन बाजीराव, दोन माधवराव, भोसल्यांच्या घरात तर शिवाजी, संभाजी, शहाजी कितीतरी. शिक्क्यांवर मात्र नावाला बापाचं नाव जोडलेलं असे : पहिला बाजीराव बल्लाळ, दुसरा बाजीराव रघुनाथ, थोरला माधवराव बल्लाळ, धाकटा माधवराव नारायण. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत सगळ्या महाराष्ट्राची, तेव्हा त्यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. रीत खरीच. पण गादी असलेल्या घरात या रीतीला राजकारणाची धार येई. १६८९ मध्ये रायगड पडला आणि संभाजीराजांचा मुलगा मोगलांच्या कैदेत गेला. पुढे शाहू म्हणून ओळखल्या गेलेल्या या मुलाचं जन्मनाव शिवाजीच. तो कैदेत हयात असताना, १६९६ मध्ये संभाजीराजांचे धाकटे भाऊ राजाराम आणि त्यांच्या पत्नी ताराबाई यांना मुलगा झाला आणि त्याचंही नाव शिवाजी ठेवलं गेलं. थोरल्या शिवाजी महाराजांचे दोन नातू, एकच नाव. १७०७ मध्ये शाहू सुटून आल्यावर दोघांच्या नावाने खेडला लढाई झाली.

दोघांचे आजोबा एकच, मग नावही एकच असणार, यात डाव कसला, हा आक्षेप इथे रास्त ठरतो. म्हणून पेशव्यांच्या घरातलं उदाहरण अधिक बोलकं आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांच्या पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर मुलगा झाला. रीतीप्रमाणे पाहिलं तर त्याला आजोबा नानासाहेबांचं, म्हणजे बाळाजी हे नाव मिळायला हवं होतं. पण तो ओळखला गेला माधवराव या नावाने, आणि वर सवाई. दीडच वर्षापूर्वी वारलेल्या कर्त्या चुलत्याची, थोरल्या माधवरावांची, आठवण लोकांच्या मनात ताजी होती. पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या राघोबादादांविरुद्ध (रघुनाथरावांविरुद्ध) उभ्या राहिलेल्या बारभाई कारभाऱ्यांना ती हवीच होती. चाळीस दिवसांच्या त्या पोराला पेशवाईची वस्त्रं मिळाली. पुढच्याच वर्षी धारला राघोबादादांना मुलगा झाला. त्याचं नाव बाजीराव. इथे रीत आणि दावा दोन्ही जुळून आले, कारण दादा स्वतः थोरल्या बाजीरावांचे पुत्र.

नावाने माणूस घडत नाही, मग या नावांना इतकं महत्त्व का द्यायचं, असाही प्रश्न येईल. पाळण्यातल्या पोराकडे कर्तृत्व नसतंच. त्याच्या बाजूने बोलणारं त्याचं कुळ आणि त्याचं नाव. म्हणूनच ते इतकं विचारपूर्वक निवडलं जाई. अर्थात नावाची धाव तेवढीच. धारला जन्मलेला बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला, जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला. आजोबांच्या नावाने त्याचा दावा भक्कम झाला, पण गादी काही राखता आली नाही.