मॅस्टोडॉन: स्वतःचा सर्व्हर उभारताना आणि सांभाळताना

२०१९ च्या अखेरीस ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले आणि भारतातील अनेकजण मॅस्टोडॉनकडे वळले. जर्मनीतील ऑयगेन रॉचको यांनी २०१६ मध्ये आणलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरला एक मालक नाही. सर्व्हर वेगवेगळ्या लोकांचे, पण ॲक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीमुळे एकमेकांना फॉलो करता येते.

उभारणीसाठी भाड्याचा लिनक्स सर्व्हर, डोमेन आणि ईमेल पाठवण्याची सोय लागते. डोमेन विचार करूनच घ्या. लोकांची खाती उघडल्यावर ते बदलता येत नाही, आणि नूतनीकरण चुकले तर सगळ्यांचा पत्ताच जातो. पंधरा-वीस जणांच्या गटाला गोटूसोशल हे हलके सॉफ्टवेअरही पुरते.

खरे काम नंतरचे. बाहेरच्या सर्व्हरवरील फोटो-व्हिडिओंच्या प्रती साठून डिस्क भरते. त्या टूटसीटीएलने ठरावीक काळाने काढाव्या लागतात. डेटाबेस, सभासदांचे फोटो आणि गुप्त किल्ल्यांची सेटिंग फाइल यांचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर ठेवा. पासवर्ड एकट्या 'टेक्निकल' कार्यकर्त्याकडे नको. (तो नोकरीसाठी गाव सोडतोच!)

जातिवाचक शिवीगाळ पोसणारा सर्व्हर अख्खा ब्लॉक करता येतो. मात्र तक्रारी रोज पाहणारे दोघे-तिघे हवेत. मॅस्टोडॉनवरचे 'खासगी' संदेश एनक्रिप्ट केलेले नसतात, डेटाबेस हाताळणाऱ्याला ते वाचता येतात. मोर्चाचे नियोजन किंवा पीडितांची माहिती तिथे नकोच.

सर्व्हर बंद करायचा झाल्यास काही महिने आधी कळवा. फॉलोअर्स नव्या खात्यावर नेता येतात, जुन्या पोस्ट नेता येत नाहीत.